बांधावरचे आजोबा

“दहा सेकंद लागली, भाऊसाहेब. घड्याळ लावून बघा पायजे तर.”

पल्लवी मॅडमनी आपला मोबाइल टेबलावरच्या हजेरीपटांच्या थप्पीवर ठेवला. नानासो थोरातांनी कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढला आणि वाचायला सुरुवात केली. मोबाइलमधल्या एआयनं लिहिलेलं भाषण होतं. ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’पर्यंत, अख्खं. मध्ये एक सुभाषित, थोडा जोश, थोडा गहिवर, आणि तिसऱ्या परिच्छेदात शेताच्या बांधावर उभे राहून नातीला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे आजोबा.

नानासोंनी ते दोनदा वाचलं. आधी त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“ह्ये माझं हाय,” ते म्हणाले.

“तुमचं कसं?”

“ह्यो म्हातारा माझा हाय. बांधावरचा. एकतीस वर्षं झाली, मीच त्येला तिथं उभा केलाय. चोरलाय तुमच्या मशीननं.”

पल्लवी मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. शिक्षिका म्हणून नोकरीला लागून त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि पगारपत्रक नानासोंच्या हातात होतं. “तुमची भाषणं इंटरनेटवर हायत तरी का, भाऊसाहेब?”

“शाळेच्या वार्षिक अंकात छापलीत की सगळी.”

“त्यावर तुमचं नाव हाय?”

नानासोंनी मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला आणि कपाटातून बोनाफाईड दाखल्यांचं पुस्तक काढलं. नाव नव्हतं. कुठंच नव्हतं.

नानासो थोरात हे कुंडलकडच्या एका हायस्कूलचे लिपिक. शिक्षक नव्हेत. दाखले लिहायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, तालुक्याला टपाल पोचवायचं, साहेब तपासणीला आले की शिरा सांगायचा, हे त्यांचं काम. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मराठीचे गुरुजी स्पर्धेच्या तोंडावर कावीळ होऊन पडले. वक्तृत्वाला जायचं होतं आणि भाषण कुणी लिहायचं हा प्रश्न होता. नानासोंनी मधल्या सुट्टीत डबा न खाता चार पानं लिहून काढली. पोरानं ती घडाघडा म्हटली आणि फिरती ढाल घेऊन आला. तेव्हापासून दर वर्षी भाषण नानासोंचं, तोंड पोराचं आणि नाव गुरुजींचं. गुरुजी बदलत गेले. प्रत्येक जण स्टेजवर जाऊन शाल आणि नारळ घेऊन आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबाला तरी दोष का द्यावा? बीळ खणणाऱ्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. “मला कशाला पायजे नावबीव,” असं नानासो चारचौघांत म्हणायचे. पण बक्षीस समारंभात ‘मार्गदर्शक’ असा शब्द माइकवर आला की ते बक्षिसांच्या यादीवरची मान वर करायचे आणि दुसऱ्याचं नाव ऐकून परत खाली घालायचे. एकतीस वर्षं हे चाललं होतं आणि दर वेळी ते त्यांना लागायचं.

यंदा मे अखेर निवृत्ती होती. हेडमास्तर माणूस बरा. त्यांनी स्वतःहून सांगितलं, “थोरात, यंदाच्या जिल्हा स्पर्धेच्या फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव घाला. लिपिक हाय का शिक्षक, कोण बघतंय?” फॉर्म भरायचं काम अर्थातच नानासोंचं. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात आपलंच नाव लिहिलं, सही-शिक्का घेतला आणि एक झेरॉक्स ड्रॉवरमध्ये ठेवली. मग मिरजेला फोन लावला. तिथल्या एका हॉस्पिटलात क्रांती नर्स होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी सलग तीन वर्षं ढाल आणलेली पोरगी. त्यांच्या हातून तिच्यासारखी दुसरी घडली नव्हती.

“माझं नाव पुकारणार हायत,” ते म्हणाले. “मिरजंतच हाय स्पर्धा. येशील नव्हं?”

“येते की, भाऊसाहेब. ड्युटी बदलून घेते,” क्रांती म्हणाली.

आणि विषय काय आला? ‘शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता: स्वीकार की विरोध?’ नानासोंना वाटलं, देवानंच पाठवला. त्यांनी चार मधल्या सुट्ट्या खर्ची घालून विरोधाचं भाषण लिहिलं. ‘यंत्राला आई नसते. यंत्राला माती नसते. यंत्र कधी उपाशीपोटी शाळेत गेले आहे काय?’ लिहिताना त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. यात खोटं काही नव्हतं. ते लिहीत ते त्यांना मनापासून वाटायचं. माणसाचं काम माणसानंच करावं, पोराच्या मनातलं पोराच्या जवळच्या माणसालाच कळतं, मशीनला काय कळणार, असं त्यांचं पक्कं मत होतं.

भाषण म्हणायचं होतं आम्रपालीनं. नववीतली, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन ऑफिसच्या दारात आली.

“भाऊसाहेब, ह्यात आजोबा बांधावर हायत.”

“मग?”

“आमाला रान न्हाई.”

“आगं येडे, ऐकणाऱ्याला काय ठावं? टाळ्या तिथंच पडत्यात. हे बघ, ‘बाळ, फाळ झिजतो पण जमीन पिकते’, हितं आलीस की थांबायचं. एक, दोन, तीन मोजायचं. मग म्होरं.”

“पर आमचं आजोबा...”

“पर न्हाई न् बिर न्हाई. आठवडा ऱ्हायलाय. पाठ कर जा.”

ती गेली. नानासोंना तिच्या आजोबांची माहिती नव्हती असं नाही. धोंडिराम. रेल्वेत होते, पेन्शनर. नातीला आणायला रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. आम्रपालीचे जातीच्या दाखल्याचे कागद नानासोंनीच करून दिले होते. तीन पिढ्यांची नावं त्यांच्या हातची होती. त्यापलीकडे काही विचारायची वेळ कधी आली नव्हती, कारण अर्जात तसा रकाना नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी तिघं सकाळच्या एसटीनं निघाले. नानासोंनी नवा शर्ट शिवून घेतला होता. पल्लवी मॅडम आणि आम्रपाली पुढच्या बाकावर होत्या. पलूस गेल्यावर आम्रपाली मागं वळली.

“भाऊसाहेब, मी भाषण बदललंय.”

“किती?”

तिनं मॅडमकडं बघितलं. “लय.”

“असूदे. दोन-चार वळी हिकडं-तिकडं चालत्यात. शेवट तेवढा बदलू नगंस.”

“आवं भाऊसाहेब, ती काय म्हणतीय ते ऐका तरी,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “तिनं माझ्या मोबाइलवर बसून...”

“हॉलमदी ऐकायचंच हाय की, मॅडम,” नानासो म्हणाले आणि कंडक्टरकडं वळले. तिघांचं तिकीट त्यांनी हौसेनं स्वतः काढलं. आज त्यांना कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं. आज त्यांचं नाव पुकारणार होते, आणि त्या एका गोष्टीनं कान आतून भरले होते.

हॉल गच्च भरला होता. क्रांती आधीच येऊन बसली होती, शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवून. ती आता चांगली भारदस्त दिसत होती. तिनं वाकून नमस्कार केला, नानासोंनी “राहूदे, राहूदे” म्हटलं, आणि मिरजेतल्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला सांगितलं, “ही आमची क्रांती. तीन ढाली.”

स्पर्धा सुरू झाली. एकेक मूल यायचं, हात उंचावायचं, आवाज चढवायचं. आम्रपालीच्या आधी अकरा जण बोलले. अकरांतल्या सातांचे आजोबा बांधावर उभे होते. एकाचे फाळाबद्दल बोलत होते, एकाचे पेरणीबद्दल, एकाचे नुसतेच आभाळाकडं बघत होते. नानासो आधी खूश झाले, मग चुळबुळायला लागले. यातलं कुठलं मशीननं लिहिलेलं आणि कुठलं त्यांच्यासारख्या कुणी मधल्या सुट्टीत उपाशी राहून, हे त्यांना ओळखू येईना. माणसाचं लिहिणं वेगळं असतं, ते कळतंच, यावर तर त्यांच्या भाषणाची सगळी मदार होती. त्यांनी प्रत्येक पोराची ओळ न ओळ कान देऊन ऐकली. नाही ओळखू आलं.

मग आम्रपाली उभी राहिली. तिनं हात वर केला नाही. ‘सन्माननीय व्यासपीठ’ही म्हटलं नाही.

“मी मशीनला सांगितलं, भाषण लिहून दे,” ती म्हणाली. “त्यानं दिलं. त्यात एक आजोबा बांधावर उभे होते. त्याच्या आधी मला शाळेतनं एक भाषण मिळालं होतं. त्यातही आजोबा बांधावरच उभे होते.”

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकसुद्धा हसले. नानासो हसले नाहीत.

“मी मशीनला लिहिलं, आम्हाला रान नाही. तर मशीननं मला विचारलं, मग तुझे आजोबा कुठं उभे असायचे?”

ती थांबली. एक-दोन-तीन मोजून नव्हे. तिला खरंच थांबावंसं वाटलं होतं.

“हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी घरी जाऊन आजोबांना विचारलं. माझे आजोबा रुळावर उभे असायचे. रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी हातोडी घेऊन मैलोन्‌मैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत जायचं. चावी घट्ट असली की टण्ण वाजते, ढिली झाली की बद्द वाजते. मी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी? आजोबा म्हणाले, शिकवलं कुणी न्हाई. पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, मार आणि ऐक. तेवढीच शाळा. चौतीस वर्षं आजोबांनी ऐकलं. त्यांना वाचता येत नाही. पण त्यांच्या टापूत एकही गाडी घसरली नाही, हे त्यांनी मला परवा सांगितलं. चौदा वर्षं मी त्यांच्या घरात राहते, मला माहीत नव्हतं.”

तिनं हॉलभर नजर फिरवली.

“मी आजोबांना विचारलं, मशीन घ्यावं का नको म्हणावं? ते म्हणाले, गाडी येती तवा रुळावर उभं ऱ्हाऊन तिला नको म्हणू नये, मरशील. आन् गाडी नीट गेली म्हणून रूळ चांगला हाय असंबी समजू नये. बाजूला व्हायचं, गाडी जाऊ द्यायची, आन् परत रुळावर उतरून हातोडी मारायची. ऐकायचं. रोज.”

ती जरा घुटमळली. पुढचं तिनं पाठ केलं नसावं.

“मला मशीननं काय शिकवलं? काही नाही. एक प्रश्न विचारला. बाकी सगळं आजोबांनी सांगितलं. पण तो प्रश्न कुणीतरी विचारायला पाहिजे होता.”

ती खाली बसली तरी टाळ्या चालूच होत्या. नानासोंचे हात मांडीवर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी किती पोरांच्या तोंडी घातली असेल! धोंडिराम रोज पाच वाजता फाटकाशी उभा असायचा, ऑफिसच्या खिडकीतून वीस पावलांवर. बाहेर जाऊन ‘काय म्हणताय पावणं, रेल्वेत काय काम केलंत?’ असं विचारायला त्यांचं काय गेलं असतं? मशीनला पोराच्या मनातलं कळत नाही, हे त्यांनीच लिहिलं होतं. मशीनला कळलं नव्हतंच. मशीननं फक्त विचारलं होतं. आणि ते त्यांना एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. तो कुणावर काढावा हे मात्र कळेना.

“माझं न्हाई गं ह्ये,” ते क्रांतीला हळूच म्हणाले. एवढं तरी तिला माहीत असावं असं त्यांना वाटलं.

“ठावं हाय,” ती म्हणाली.

“कसं?”

“तुमचं असतं तर तिचा आजा बांधावर असता.”

नानासोंनी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. स्टेजकडं बघत, साधं काहीतरी सांगावं तसं ती बोलत होती.

“माझा आजा मी जन्मायच्या आधीच गेला, भाऊसाहेब. तुमचं भाषण म्हणून घरला आले की मी आईला विचारायची, आजा खरंच असं बोलायचा का गं? तिलाबी ठावं न्हवतं, ती नवी नवरी व्हती तवा. मग मी तुमचाच आजा खरा धरला. लय वर्षं धरला. साताऱ्याला इंटरव्ह्यू हुता माझा, पयल्या नोकरीचा. तिथल्या दोघी मॅडम म्हणाल्या, स्वतःबद्दल चार वाक्यं सांगा. मी तोंड उघडलं तर तुमचा आजा भाईर आला. बांध, फाळ, सगळं. त्या एकमेकींकडं बघून हसल्या. मला दुसरं कायच येईना.”

“मग?”

“मग काय? न्हाई झाली निवड. दोन वर्षांनी झाली दुसरीकडं. तिथं बोलायला न्हवतं, सलाईन लावून दाखवायची हुती.” तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. “राग न्हाई, भाऊसाहेब. तुमी लिवून दिलं म्हणून मी स्टेज तरी बघितलं. आमच्या घरात कोण बघणार हुतं?”

राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, चार शब्द सुनावता येतात. ते उठून बाहेर जावं म्हणून खुर्चीतून सरकले, तेवढ्यात माइक खरखरला.

निकाल तिसऱ्या क्रमांकापासून सांगितला. फिरती ढाल आम्रपालीची. ती उठली, पल्लवी मॅडमनी तिला मिठी मारली. आणि मग सूत्रसंचालकाचा आवाज चढला, “आणि या यशाचे खरे शिल्पकार, मार्गदर्शक, श्री. नानासो थोरात सर!”

सर. हा शब्द फॉर्मवर त्यांनी लिहिला नव्हता, सूत्रसंचालकानं आपल्या मनानं जोडला होता. आयुष्यात त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं. गावात भाऊसाहेब, घरी आप्पा, हेडमास्तरांच्या तोंडी थोरात.

“मॅडम, तुमी जावा,” ते पुढच्या रांगेत वाकून म्हणाले.

“मी कशी जाऊ? मी नुसता मोबाइल दिला,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “फॉर्मवर तुमचं नाव हाय, भाऊसाहेब. जावा. लोक बघायल्यात.”

खरंच लोक बघत होते. माना वळल्या होत्या, कुणी ‘चला सर, चला सर’ म्हणत वाट करून देत होतं. नानासो गेले. पायऱ्या चढताना त्यांना धरायला दोन पोरं पुढं आली. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. एकतीस वर्षं त्यांनी हा क्षण मनात इतक्या वेळा घडवला होता की काय बोलायचं तेही पाठ होतं. सूत्रसंचालकानं माइक पुढं धरला. “सर, दोन शब्द.”

नानासोंनी समोर बघितलं. क्रांती टाळ्या वाजवत होती.

“ह्या भाषणातला एक शब्दबी माझा न्हाई,” ते म्हणाले.

हॉलमध्ये कौतुकाचा हुंकार उठला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“न्हाई, न्हाई, खरंच सांगतोय,” नानासोंनी नारळ एका हातात घेऊन दुसरा हात हलवला. “मी लिवलेलं तिनं टाकून दिलं. बरं केलं. मी तिला कायबी शिकवलं न्हाई. इचारलंबी न्हाई.”

टाळ्या वाढल्या. पहिल्या रांगेतले एक वृद्ध परीक्षक शेजाऱ्याकडं झुकून म्हणाले, ते त्यांच्या टेबलावरच्या माइकवरून सगळ्यांना ऐकू आलं, “बघा. असे निगर्वी गुरू आता राहिले नाहीत.” नानासोंनी आणखी एकदा तोंड उघडलं, पण सूत्रसंचालकानं अदबीनं माइक काढून घेतला होता. पुढचा कार्यक्रम होता, पाहुण्यांना सांगलीला जायचं होतं.

“विद्यार्थिनीनं आपल्या गुरूंचे आशीर्वाद घ्यावेत,” तो म्हणाला.

आम्रपाली ढाल छातीशी धरून उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते खरं बोलत होते हे त्या हॉलमध्ये जाणणाऱ्या चार माणसांतली ती एक. ती जरा थबकली, मग ढाल खाली ठेवून वाकली. नानासोंनी पाय मागं घेतले. मागं ट्रॉफ्यांचं टेबल होतं, अजून मागं जायला जागा नव्हती.

“सर, जरा तसंच ऱ्हावा,” खालून फोटोग्राफर ओरडला. “ताई, तू बी वाकूनच ऱ्हा. डोळं मिटलं सरांचं. परत एकदा.”

नानासोंनी डोळे उघडले आणि फोटो होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.